शिंपल्यांच्या चुन्यातून बायोडिझेल: पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूरच्या बाजारात तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, येतात ते कारवार-गोव्याकडून घाट चढून. आतलं मांस पोटात जातं, शिंपा उकिरड्यावर. या शिंपा म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यांचं मोल किनाऱ्यावरच्या माणसांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. शिंपा आणि कोळसा यांचे थर देऊन भट्टी लावायची. भाजून निघालेल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो तापून, फसफसून फुटतो आणि त्याचं पांढरंशुभ्र पीठ होतं. गिलाव्याला तोच, पानालाही तोच. कुमठ्याजवळच्या अघनाशिनी खाडीतून तर चुन्यासाठी शिंपा काढल्या जात आल्या आहेत. घरोघरी सिमेंट आलं आणि या चुन्याची मागणी घटली.

तेलावर इंजिन चालवण्याची कल्पनाही जुनीच. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण वनस्पती तेल दाट; नोझलमध्ये अडकतं, काजळी धरतं. 1937 मध्ये बेल्जियमच्या शावान यांनी पाम तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया करून इंधन बनवण्याचं पेटंट घेतलं. आजही मूळ क्रिया तीच आहे: तेलात मिथेनॉल घालून साधारण 60-65 अंशांवर घुसळायचं, ग्लिसरीन तळाला बसतं आणि वर पातळ इंधन राहतं, तेच बायोडिझेल. ही क्रिया घडवायला उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता क्रियेला वेग देणारा पदार्थ, लागतो. तिथे बहुधा कॉस्टिक सोडा वापरतात. तो स्वस्त आहे, वेगही देतो, पण मिथेनॉलमध्ये विरघळून जातो. मग इंधन पाण्याने धुवायचं आणि ते सांडपाणी निस्तरायचं. तेल आम्लट असेल तर साबणाचा फेसही होतो.

म्हणून न विरघळणाऱ्या घन उत्प्रेरकाचा शोध सुरू झाला, आणि कळीचा चुना त्यात पुढे आला. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी कालवांच्या भाजलेल्या शिंपा आणि मलेशियातल्यांनी खेकड्यांची कवचं यासाठी वापरली. पुढच्याच वर्षी थायलंडमध्ये अंड्यांची टरफलं, गोगलगायीचे शंख आणि मेरेट्रिक्स शिंपा यांची तुलना झाली. मेरेट्रिक्स ही आपल्या खाड्यांतही मिळणारी जात! शिंपा 800-900 अंशांवर भाजल्या की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. 100 ग्रॅम शुद्ध कार्बोनेटमागे 56 ग्रॅम चुना उरतो. क्रिया झाली की तो गाळून पुन्हा वापरता येतो.

आता अडचणी. भाजलेला चुना उघडा ठेवला तर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होतो. तो हवाबंदच ठेवायला हवा. थोडं कॅल्शियम इंधनात उतरतं, तेही काढावं लागतं. त्यातून आपल्याकडचं करंज तेल बऱ्याचदा आम्लट, त्यामुळे ते आधी गंधकाम्ल आणि मिथेनॉलने सुधारून मग चुन्याकडे न्यावं लागतं. आणि भट्टीला लागणारी उष्णता कुठून आणायची, हा हिशेब प्रयोगशाळेतल्या आकड्यांत सहसा दिसत नाही.

करंजाची झाडं सीमाभागात भरपूर आहेत, पण बी वेचायला परवडणारा भाव मिळाल्याशिवाय कोणी वाकणार नाही. मला जास्त आशा वाटते ती वापरलेल्या तेलाची. भज्यांच्या गाड्यांवर, खानावळीत दोन-चारदा तळून काळं झालेलं तेल पुन्हा पोटात जाऊ नये म्हणून 2018 पासून केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते बायोडिझेलकडे वळवायला सुरुवात केली आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य आहे.

एक आग्रह मात्र हवाच: उत्प्रेरकासाठी ताटातून आणि बाजारातून फेकलेल्या शिंपाच घ्याव्यात. त्यासाठी खाडीचा तळ खरवडला तर तिसऱ्यांची पैदासच थांबेल, आणि ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या वेचणाऱ्या बायांचं पोट जाईल.