टाचेजवळच्या फावड्याने केलेली दिशाभूल

मृगाचा पहिला दणका बसला की सोलापूरच्या माळावर, अगदी हद्दवाढ भागातल्या मोकळ्या प्लॉटवरसुद्धा, रातोरात बेडूक दिसायला लागतात. सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो, ‘पावसातून बेडूक पडले!’ पडलेबिडले काही नाहीत. उन्हाळाभर ते तिथेच होते, मातीखाली.

अशा मातीत राहणाऱ्या बेडकांची एक प्रजाती म्हणजे स्फेरोथेका. गोल गरगरीत अंग, आखूड पाय. तिच्यातल्या ‘ब्रेव्हिसेप्स’ या जातीचं वर्णन जर्मन निसर्गअभ्यासक श्नायडरने 1799 मध्येच केलं होतं. पण खरी गंमत आहे ती मागच्या पायात. पहिल्या बोटाच्या बुडाशी एक कडक, धारदार उंचवटा असतो. आत हाडाचा आधार, वरून आपल्या नखांत असतं त्या केराटिनचं आवरण. हे झालं फावडं. बेडूक दोन्ही मागचे पाय आळीपाळीने बाजूला रेटतो, अंग किंचित फिरवतो आणि पाठमोराच खाली जातो. तोंड शेवटपर्यंत वर राहतं, त्यामुळे डोळ्यांत माती जात नाही आणि धोका आला तर दिसतो.

या फावड्यानेच शास्त्रज्ञांना फसवलं. आफ्रिकेतल्या टोमोप्टेर्ना बेडकांना अगदी असंच फावडं, तसंच गोल अंग. मादागास्करमध्येही तसाच एक. मग तिघेही बराच काळ टोमोप्टेर्ना याच नावाखाली नांदले. पुढे हाडं, डिंभ (बेडकांची शेपटीवाली पिल्लं) आणि डीएनए तपासल्यावर कळलं की तिघांची कुळंसुद्धा वेगळी आहेत. आफ्रिकेतले पिक्सिसेफॅलिडी कुळातले, मादागास्करचा मॅन्टेलिडी कुळातला, त्याला 1998 मध्ये लालिओस्टोमा ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. आपला स्फेरोथेका डिक्रोग्लॉसिडी कुळातला, म्हणजे डबक्यात डराँव डराँव करणाऱ्या आपल्या मोठ्या बेडकाचाच भाऊबंद. कोरड्या मुलखात तग धरायचा प्रश्न सारखा, म्हणून उत्तरही सारखं निघालं, पण प्रत्येकाने ते स्वतंत्रपणे काढलं. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. भारतातल्याच यूपेरोडॉनलाही फावडं आहे आणि त्याचं कुळ चौथंच, मायक्रोहायलिडी.

पाऊस लांबला की बेडकांची लग्नं लावणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की पाऊस आला म्हणून बेडूक बाहेर येतो, बेडूक बाहेर काढला म्हणून पाऊस येत नाही. त्याला हळद लावून मिरवलं तर त्याची ओलसर त्वचा, जिच्यातून तो श्वासही घेतो, तेवढी खराब होते.

आणि फोटोवरून ‘हा अमुकच’ असं छातीठोक सांगणाऱ्यांपासूनही जरा जपून. स्फेरोथेकातल्या काही जाती इतक्या सारख्या दिसतात की नराची हाक आणि डीएनए तपासल्याशिवाय जाणकारही नाव घ्यायला कचरतात.