एक खुर्ची वाढवली आणि चिमणबेटाची एक गेली

माझ्या भाच्यानं एक देश बनवलाय. कागदावर. वाघूळदेश नाव आहे, झेंड्यावर उलटं लटकलेलं वटवाघूळ आहे, नकाशा आहे, नद्या आहेत, राष्ट्रगीताचं एक कडवं पण झालंय. प्रांत तीन: थोरगड, नदीथडी आणि चिमणबेट. मित्रांबरोबर तो जो गेम खेळतो त्यात राजाला हाकलून प्रांतांची मिळून एक सभा नेमायची होती, म्हणून १० खुर्च्या ठरवल्या आणि मला विचारलं की लोकसंख्येप्रमाणे वाटून दे ना, पाच मिनिटांचं काम आहे. मीपण हो म्हणलं. त्रैराशिकच तर आहे, सातवीतलं. पुढचे तीन दिवस मी त्यातच अडकलो होतो आणि आता तुम्हालाही अडकवतो.

लोकसंख्या अशी: थोरगड ४३.५ लाख, नदीथडी ४२.६ लाख, चिमणबेट १३.९ लाख. एकूण बरोबर १ कोटी (हे आकडे त्याला मीच सुचवले, हिशोब सोपा पडावा म्हणून). १० खुर्च्या म्हणजे १० लाखांना एक. मग थोरगडचा हक्काचा वाटा ४.३५, नदीथडीचा ४.२६, चिमणबेटाचा १.३९. आता ०.३५ माणूस सभेत बसवता येत नाही, इथेच सगळी भानगड सुरू होते. जवळच्या पूर्णांकात बदला म्हणाल तर ४, ४ आणि १, बेरीज ९. एक खुर्ची रिकामीच राहते.

कोणालाही सुचेल असा उपाय म्हणजे आधी सगळ्यांना पूर्णांक देऊन टाका आणि उरलेली खुर्ची ज्याचं दशांशाचं शेपूट सगळ्यात मोठं त्याला द्या. शेपटं ०.३५, ०.२६, ०.३९. चिमणबेट जिंकलं. निकाल ४, ४, २. भाचा खूश, कारण चिमणबेट त्याचं लाडकं आहे, तिथे ड्रॅगन असतात.

मग त्याच्या एका मित्रानं मुद्दा काढला की १० सम संख्या आहे, मतं ५-५ अशी फुटली तर अडेल, ११ करा. कोणाचं काही जात नाही, एक खुर्ची वाढतेच आहे. तुम्हीपण हेच म्हणाला असता. मी परत गणित केलं. ११ खुर्च्यांना वाटे ४.७८५, ४.६८६ आणि १.५२९. पूर्णांक ४, ४, १, बेरीज ९, उरल्या दोन. सगळ्यात मोठी दोन शेपटं कोणाची? थोरगड आणि नदीथडी. निकाल ५, ५, १.

खुर्च्या वाढल्या आणि चिमणबेटाची एक कमी झाली! लोकसंख्या तीच, नियम तोच, कोणी लबाडी केली नाही. आधी तिथे ६.९५ लाख लोकांमागे एक प्रतिनिधी होता, आता सगळ्या १३.९ लाखांना मिळून एकच. भाच्याला वाटलं मी बेरीज चुकलो. मलापण तेच वाटलं म्हणून तीनदा केली.

हे आमच्या वाघूळदेशातच होतं असं नाही. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेनंतर तिथल्या जनगणना कार्यालयातले मुख्य कारकून सी. डब्ल्यू. सीटन यांनी प्रतिनिधिगृहात २७५ पासून ३५० पर्यंत किती जागा ठेवल्या तर कोणत्या राज्याला किती मिळतील याचे तक्ते केले, हातानं, आणि त्यात त्यांना दिसलं की एकूण २९९ जागा असल्या तर अलाबामाला ८ मिळतात आणि ३०० केल्या तर ७. तेव्हापासून याला अलाबामा विरोधाभास म्हणतात. शेपटांची ही पद्धत अलेक्झांडर हॅमिल्टनची, १७९२ सालची, आणि गंमत म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टननं तेव्हाच तिच्यावर व्हेटो वापरला होता, अमेरिकेच्या इतिहासातला पहिला व्हेटो तो हाच. तरीपण साठेक वर्षांनी ती पद्धत परत आलीच.

पण असं होतं कशामुळे? मला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. एकूण खुर्च्या एकानं वाढवल्या की प्रत्येकाचा वाटा वाढतो, पण सारखा नाही वाढत. थोरगडचा वाढतो ०.४३५ नं, नदीथडीचा ०.४२६ नं आणि चिमणबेटाचा फक्त ०.१३९ नं. म्हणजे शेपटांची शर्यत लावली तर मोठ्या प्रांतांची शेपटं धावतात आणि छोट्याचं रांगतं. १० वर चिमणबेटाचं शेपूट पहिलं होतं, ०.३९. एका पावलात ते ०.५२९ झालं, म्हणजे वाढलंच, पण बाकीचे दोघं तेवढ्यात ०.७८५ आणि ०.६८६ वर जाऊन बसले. आणि गोची अशी की चार पावलं गेली काय किंवा पाच, शेपूट १ च्या पुढे गेलं की परत शून्यापासून सुरू होतं, घड्याळाच्या काट्यासारखं. तीन काटे तीन वेगांनी फिरतायत आणि कुठल्या क्षणी कोणता पुढे दिसतोय यावर तुम्ही खुर्ची देताय! मग कधीतरी उलटंपालटं होणारच. चूक शेपटाकडे बघण्यातच आहे, कारण ०.३९ हा आकडा १ च्या मागे लागलाय का ४ च्या मागे हे ही पद्धत विचारतच नाही.

दुसरा मार्ग भाजकाचा. खुर्चीची एक किंमत ठरवायची, समजा ९.६ लाख लोक. प्रत्येक प्रांताच्या लोकसंख्येला तिनं भागायचं आणि जवळच्या पूर्णांकात बदलायचं. ४.५३, ४.४४, १.४५ म्हणजे ५, ४, १. बेरीज १० आली, झालं काम. ११ हव्यात? किंमत थोडी उतरवा, ९.४ लाख करा, ५, ५, १ येतं. अजून उतरवून ९.२ केली की चिमणबेट १.५११ वर पोचतं आणि ५, ५, २, म्हणजे १२. किंमत कमी केली की भागाकार वाढतोच, कोणाचाच कमी होऊ शकत नाही, त्यामुळे मिळालेली खुर्ची कधी परत जात नाही. अलाबामा विरोधाभास इथे घडूच शकत नाही, सिद्धता एका वाक्यात. मला हे फार सुंदर वाटतं. ही वेबस्टरची पद्धत, युरोपात सेंट-लाग्यू नावानं ओळखतात.

पण जवळच्या पूर्णांकातच का बदलायचं? थॉमस जेफरसन (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला) म्हणाला, दशांश सरळ फेकून द्या. ते केलं तर चिमणबेटाला दुसरी खुर्ची मिळायला एकूण १४ खुर्च्यांपर्यंत थांबावं लागतं, कारण दशांश फेकण्यात छोट्याचं नुकसान जास्त. १.३९ मधले ०.३९ गेले म्हणजे चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त गेलं, ४.३५ मधले ०.३५ गेले तर एवढं काही नाही. मोठ्यांचे लाड किती होतात बघा, १८३० च्या जनगणनेनंतर न्यूयॉर्कचा वाटा होता ३८.५९ आणि या पद्धतीनं त्याला मिळाल्या ४०. ३९ पण नाही, ४०! याउलट ॲडम्सची पद्धत, दशांश दिसला की वर ढकला. तिथे चिमणबेटाला १० वरच दुसरी मिळते.

आणि मधली एक आहे हंटिंग्टन आणि हिलची, जी अमेरिकेत १९४१ पासून कायद्यानं चालू आहे, ४३५ जागांसाठी. यात वर ढकलायची सीमा दीड किंवा साडेचार नसते तर लगतच्या दोन आकड्यांचा भूमितीय मध्य असतो, म्हणजे दोघांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ. १ आणि २ च्या मधे १.४१४, ४ आणि ५ च्या मधे ४.४७२. बघा, सीमा छोट्यासाठी जास्त खाली सरकते. भाजक ९.८ लाख घेतला तर चिमणबेट १.४१८, सीमा ओलांडली, २ मिळाल्या. थोरगड ४.४३९, अडकला, ४ च. का भूमितीय मध्य? कारण इथे दोन प्रांतांमधली तफावत वजाबाकीनं नाही, टक्केवारीत मोजलीय आणि एका प्रांताची खुर्ची उचलून दुसऱ्याला दिल्यानं ती टक्केवारी कमी होत नाही अशी स्थिती शोधली की हे वर्गमूळ आपोआप बाहेर पडतं. (इथे तुमची तंद्री लागली असेल तर हरकत नाही, भाच्याची पण लागली होती, पुढचा पॅरा सोपा आहे.)

भाच्याच्या गेममधल्या एका मुलानं सुचवलं की हे सगळं एआयला विचारा, तो न्याय्य वाटप करून देईल. देईल की, पण कुठल्या अर्थानं न्याय्य? ते आधी आपणच ठरवायचंय, मशीन फार तर भागाकार भराभर करेल. आणि दुसऱ्यानं ९ हा शुभ अंक आहे म्हणून ९ च खुर्च्या ठेवा म्हणलं. ९ ला हिशोब ४, ४, १ येतो आणि चिमणबेट परत एकावरच, त्यामुळे शुभ कोणासाठी तेवढं अंकशास्त्रवाल्यांनी सांगावं.

मग एकदम निर्दोष पद्धत आहे का? नाही, आणि अजून सापडली नाही असं नाही, असूच शकत नाही. मिशेल बालिन्स्की आणि पेटन यंग या दोन गणितज्ञांचा प्रमेय आहे, १९८२ मधे त्यांनी मांडला. चार किंवा जास्त प्रांत असतील तर दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. एक, कोणालाही वाट्याच्या लगतच्या दोन पूर्णांकांबाहेर काही मिळू नये (न्यूयॉर्कला ४० मिळाल्या तसं). दोन, ज्याची लोकसंख्या जास्त वेगानं वाढली त्याची खुर्ची कमी वेगानं वाढलेल्याकडे जाऊ नये. शेपटांची पद्धत पहिली गोष्ट पाळते, दुसरी मोडते. भाजकांच्या पद्धती दुसरी पाळतात आणि कधीतरी पहिली मोडतात. त्यातल्या त्यात वेबस्टरची फार क्वचित मोडते म्हणून माझं मत तिला, हंटिंग्टन-हिलवाले रागावले तरी चालेल.

१८८२ मधे अमेरिकन काँग्रेसनं यातून काय वाट काढली माहितीये? त्यांनी वाद मिटवलाच नाही. एकूण जागांचा असा आकडा शोधला, ३२५, की ज्यावर हॅमिल्टन आणि वेबस्टर दोन्हींचं उत्तर एकच येतं. मीपण वाघूळदेशासाठी तेच करून बघितलं. १२ खुर्च्या घेतल्या तर शेपटांची पद्धत, वेबस्टर, हंटिंग्टन-हिल, ॲडम्स सगळे म्हणतात ५, ५, २. एकटा जेफरसन ६, ५, १ वर अडून बसतो. भाच्यानं १२ मान्य केलं. १२ पण समच आहे हे त्या मित्राच्या अजून लक्षात आलेलं नाही.

काल मात्र फोन आला की नकाशाच्या डावीकडे जागा उरलीय, तिथे चौथा प्रांत काढतोय, त्याच्या लोकसंख्येप्रमाणे नव्या खुर्च्या जोडल्या की झालं, जुन्यांना हात लावायची गरज नाही ना? मी म्हणलं थांब. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा अगदी असंच केलं होतं, ३८६ जागांमधे त्याच्या हक्काच्या ५ जोडून ३९१ केल्या, आणि मग शेपटांच्या पद्धतीनं सगळ्यांचं गणित नव्यानं केलं तर न्यूयॉर्कची एक जागा मेन नावाच्या राज्याकडे जात होती. ओक्लाहोमाचा त्या दोघांशी काहीएक संबंध नसताना. चौथ्या प्रांताची लोकसंख्या किती ठेवणार ते त्यानं अजून सांगितलं नाहीये.