कायदा वैध, पण न्याय्य नाही : न्यायाधीशापुढच्या पेचाची पार्श्वभूमी

न्यायनिष्ठुरपणा म्हटला की इंदूरच्या मराठी घरांत दोन गोष्टी हमखास निघतात. एक पेशव्यालाच देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या शास्त्रीबुवांची, दुसरी आडा बाजारात पोटच्या मुलाला शिक्षा द्यायला निघालेल्या मातोश्री अहिल्याबाईंच्या रथापुढे आडव्या आलेल्या गाईची. दुसरी आख्यायिका आहे, पण गाभा दोन्हींचा एकच. नियम ठरलेला आहे, समोरचा माणूस कितीही मोठा किंवा कितीही जवळचा असो, नियम वाकणार नाही. नियमच अन्यायाचा असेल तर काय करायचे, यावर मात्र दोन्ही गोष्टी गप्प आहेत. न्यायाधीशाने मनाला न पटणारा, पण रीतसर संमत झालेला कायदा लागू करावा का, या प्रश्नाला आपल्या परंपरेतून तयार उत्तर मिळत नाही ते त्यामुळेच.

युरोपात हा वाद दुसऱ्या महायुद्धानंतर पेटला. नाझी काळातल्या न्यायाधीशांवर १९४७ मध्ये न्यूरेंबर्गला खटला चालला. आम्ही देशाचा कायदाच राबवला, हा बचाव तिथे टिकला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी एका जर्मन कायदेपंडिताने लिहिले होते की अन्याय असह्य टोकाला गेला, तर तो कायदा कायदाच उरत नाही. यावर इंग्रजीत पुढची कित्येक वर्षे चर्चा झाली. आपल्याकडे प्रश्न वेगळ्या वाटेने आला, एका शब्दातून.

इंदूरच्या कोर्टात कागद हिंदीत चालतात. संविधानाचे कलम २१, म्हणजे जीव आणि स्वातंत्र्य जपणारे कलम, तिथे ‘विधि द्वारा स्थापित प्रक्रिया’ असे वाचायला मिळते. मराठी कानाला विधी म्हणजे आधी पूजेचा विधी, क्रम न चुकता पार पाडायची गोष्ट. आणि कलमाचा पहिला अर्थ जवळजवळ तसाच लावला गेला : विधिमंडळाने कायदा केला, त्यातल्या पायऱ्या पाळल्या, झाले. संविधान सभेत आधी अमेरिकी धर्तीचा ‘ड्यू प्रोसेस’ हा शब्दप्रयोग होता. तो राहिला असता, तर प्रक्रिया योग्य आहे की नाही हेही न्यायालयांना तपासता आले असते. सभेचे घटनाविषयक सल्लागार अमेरिकेत जाऊन तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना भेटून आले आणि तो शब्द गळला. डिसेंबर १९४८ मधल्या चर्चेत मसुदा समितीचे अध्यक्ष स्वतःच पेचात होते. पक्षाच्या बहुमतावर चालणारे विधिमंडळ अन्यायाचा कायदा करू शकते हे त्यांना दिसत होते. आणि पाचसहा जणांनी न्यायासनावर बसून आपल्या मनाला चांगला वाटेल तो कायदा ठेवावा, उरलेला मोडावा, हेही त्यांना पटत नव्हते. निर्णय त्यांनी सभेवर सोडला. १९५० मध्ये स्थानबद्धतेच्या, म्हणजे खटल्याविना कैदेच्या, पहिल्याच मोठ्या खटल्यात बहुमताने अरुंद अर्थ घेतला.

त्या अरुंद अर्थाची खरी किंमत आणीबाणीत चुकवावी लागली, आणि इथे थोडे थांबायला हवे. या प्रकरणाबद्दल, ज्यांच्या नात्यागोत्यात मीसाबंदी (मीसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात गेलेले) होते त्या घरांतसुद्धा, एक चुकीची समजूत आहे. कायदा कठोर होता, न्यायाधीशांचे हात बांधलेले होते, असे सांगितले जाते. हात बरेच बांधलेले होते हे खरे. मीसा १९७१ चा. १९७५ मध्ये तो संविधानाच्या नवव्या अनुसूचीत गेला, म्हणजे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर त्याला आव्हान देण्याची वाट बुजली. अटकेची कारणे बंद्याला सांगायची गरज उरली नाही. २७ जून १९७५ च्या आदेशाने कलम २१ साठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित झाला. कागदावर सगळे वैध होते.

तरीही नऊ उच्च न्यायालयांनी बंद्यांच्या याचिका ऐकून घेतल्या. त्यांत आपले मध्य प्रदेशाचेही होते. सर्वोच्च न्यायालयातला खटला ओळखला जातो तोच मुळी जबलपूरच्या नावाने. या न्यायालयांनी बंडाचा पवित्रा घेतला नव्हता, मीसा अन्यायाचा म्हणून फेकलाही नव्हता. त्यांचे म्हणणे इतकेच होते की अटक निदान मीसाच्या चौकटीत तरी बसते का, हे आम्ही पाहणार. अधिकाऱ्याने सही अधिकारात केली का, माणूस तोच का, हेतू वैयक्तिक सूडाचा तर नाही?

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हे दारही बंद केले. सुनावणीत सरकारच्या सर्वोच्च वकिलांना विचारले गेले होते, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारले तर? त्यांनी मान्य केले की आपला युक्तिवाद धरला तर आणीबाणी असेपर्यंत दाद मागता येणार नाही. एवढे ऐकूनही चौघे बधले नाहीत. एका निकालपत्रात तर बंद्यांची काळजी जवळजवळ आईच्या मायेने घेतली जाते, असे लिहिले आहे. पाचव्या न्यायमूर्तींनी नैतिकतेची भाषा फारशी वापरली नाही. संविधान येण्याआधीही कायद्याच्या आधाराविना कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता येत नव्हते, तेव्हा कलम स्थगित झाल्याने तो नियम नाहीसा होत नाही, हा त्यांचा मुद्दा. म्हणून मला वाटते, १९७६ चा दोष कायद्याला चिकटून राहण्याचा नव्हताच. चौघांनी कायदा पुरता वाचला नाही, हा तो दोष. पुढल्या जानेवारीत ज्येष्ठता डावलली गेल्यावर त्या एकट्या न्यायमूर्तींनी राजीनामा दिला. चौघांपैकी एकाने २०११ मध्ये जाहीर माफी मागितली. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी तो निकाल मोडीत काढला, आणि तसे लिहिणाऱ्यांत चौघांपैकी एकाचा मुलगा होता.

आणीबाणीनंतर १९७८ मध्ये पासपोर्टच्या खटल्यात विधीचा अर्थ पालटला : प्रक्रिया न्याय्य आणि वाजवीही हवी. त्याच वर्षी ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले.

दुसरी वाट थेट इंदूरमधून गेली. घटस्फोट झालेल्या एका मुस्लिम वृद्धेला इथल्या दंडाधिकाऱ्यांनी १९७९ मध्ये महिना २५ रुपये पोटगी दिली. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. संसदेने १९८६ मध्ये कायदा करून त्या निकालाचा आधारच काढून घेतला. २००१ मध्ये तो कायदा न्यायालयापुढे आला, तेव्हा तो वैध ठरला; पण तरतूद इद्दतच्या, म्हणजे घटस्फोटानंतरच्या सुमारे तीन महिन्यांच्या, काळात करायची असली तरी ती आयुष्यभर पुरेल अशी हवी, असा त्याचा अर्थ लावला गेला. कायदा न मोडता त्यातली धार काढण्याची ही रीत मला सर्वांत जास्त पटते, जरी संसदेच्या मनात हेच होते असे कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

सगळ्यांत अवघड जागा ठरावीक शिक्षेची. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, असे सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ रद्द व्हायला १९८३ उजाडले. तोवर सत्र न्यायाधीशाला निवडच नव्हती. आज तीच अडचण बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यात आहे. गंभीर कलमाखाली किमान २० वर्षे, मग मुलगी सतरा वर्षांची असो आणि पुढे दोघांनी संसार थाटलेला असो. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात, जिथे दोघांनी पुढे संसार थाटला होता, सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून शिक्षा दिली नाही, संविधानाच्या कलम १४२ चा ‘पूर्ण न्याय’ करण्याचा खास अधिकार वापरून.

तो अधिकार जिल्हा न्यायालयात नाही. खालच्या न्यायाधीशाला एखादा कायदा अवैध वाटला, तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवण्याची सोय जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९५ मध्ये होती, नव्या संहितेतही आहे. त्यासाठी कायदा अवैध का, हे त्याला कारणांसह लिहावे लागते. कायदा वैध आहे पण अन्यायाचा आहे, एवढे लिहून प्रकरण वर पाठवता येत नाही.