जुन्या मोटारींची ब्रेक-सुधारणा
जुन्या मोटारीचे ब्रेक आजच्या रहदारीला पुरे पडावेत म्हणून त्यांतले भाग, क्वचित सगळी रचनाच, बदलण्याचे काम. मुंबईत हा विषय निघाला की आधी आठवते ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बने. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून निवृत्त झाली; खासगी गाड्या मात्र हौशी मालकांनी अजून जपल्या आहेत.

या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रममध्ये दोन कमानदार शू आतून बाहेर दाबले जातात आणि फिरता ड्रम त्यांतल्या एकाला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट करतो. त्यामुळे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतानाही नुसत्या पायाच्या जोरावर काम भागते. अडचण होते ती उष्णतेची. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते; खंडाळ्याचा घाट उतरताना ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, शूवरच्या घर्षण-पट्टीची, म्हणजे लायनरची, पकडही सुटू लागते. दुसरी अडचण पावसाची. हिंदमाता किंवा मिलन सबवे अशा मुंबईच्या सखल जागी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि त्यानंतर काही वेळ ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. जुने चालक अशा वेळी हळू जात पेडलवर पाय हलका टेकवून लायनर सुकवतात. दुसऱ्या प्रकारच्या, डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी तबकडी (डिस्क) दोन बाजूंनी पॅडांत दाबली जाते; ही डिस्क उघडी असल्याने पाणी लवकर झटकते आणि लवकर थंड होते.

म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवण्याकडे ओढा असतो. मागचे ड्रम बहुधा तसेच ठेवतात, कारण हँडब्रेक सहसा त्यांवरच चालतो. पण नुसती डिस्क आणि तिच्यावर पॅड दाबणारा कॅलिपर लावून सुधारणा होत नाही. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, म्हणून बूस्टर नसेल तर पेडल दगडासारखे लागते. कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने पेडलला जोडलेल्या मास्टर सिलेंडरने जास्त ऑइल ढकलावे लागते. ड्रमच्या पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो डिस्कच्या वाहिनीतून काढावा लागतो. राहिला तर पॅड घासत राहतात. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोलही पाहावा लागतो. मागची चाके आधी जाम झाली तर ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते. कॅलिपर मूळ रिमला लागतो का, हे तर सामान विकत घेण्याआधीच मोजावे.

खरे म्हणजे सुधारणेच्या नावाखाली गॅरेजमध्ये येणाऱ्या कित्येक गाड्यांना साधी दुरुस्तीच हवी असते. चाकातला शू ढकलणारा व्हील सिलेंडर गळतो, ड्रम अंडाकृती झालेला असतो, रबरी होज आतून सुजलेले असतात. हे नीट केले की चांगल्या ड्रमचा ब्रेक शहरातल्या वेगाला पुरतो. ऑइलची एकच वाहिनी असलेल्या गाडीत कुठेही गळती झाली की चारही ब्रेक जातात. तिथे दोन वेगळ्या वाहिन्या चालवणारा दुहेरी मास्टर सिलेंडर बसवणे डिस्कहून मोलाचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि मग लवकर उकळून ब्रेक निकामी करू शकते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, ओलावा धरलेले १५५ च्या आसपासही. मुंबईच्या दमट हवेत ते दोन वर्षांनी बदललेले बरे. जुन्या लायनरमध्ये श्वासातून गेल्यास घातक असे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधली भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. म्हणून मोठे काम काढण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यामुळे जाणते मालक काढलेले ड्रम आणि शू भंगारात न घालता ग्रीस लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवतात.