सीमाशुल्क संघ म्हणजे एकल बाजारपेठ नव्हे

ब्रेक्झिटविषयी मराठीत काही लिहिले गेले की एक घोटाळा हमखास होतो: सीमाशुल्क संघ आणि एकल बाजारपेठ या दोन स्वतंत्र व्यवस्था 'सामायिक बाजारपेठ' या एकाच शब्दात कोंबल्या जातात. त्यामुळे २०१९ च्या पहिल्या काही महिन्यांत ब्रिटिश संसद नेमकी कशावर अडली होती, हे वाचकाला कळण्याची वाटच बंद होते आणि 'इंग्रजांना निर्णय घेता येईना' एवढेच निदान हाती उरते. कस्टम्स युनियनसाठी 'सीमाशुल्क संघ' आणि सिंगल मार्केटसाठी 'एकल बाजारपेठ' हे शब्द मी कटाक्षाने वापरतो. 'सामायिक' हा शब्द या दोन्हींपासून दूर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

सीमाशुल्क संघ समजण्यास सोपा आहे, कारण आपण जकात पाहिलेली आहे. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवरील ट्रकच्या रांगा १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर इतिहासजमा झाल्या. सीमाशुल्क संघातील देशही आपापसांतील जकात अशीच रद्द करतात आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांच्या वतीने एकच दर लावतात. युरोपात ही व्यवस्था १९६८ पासून आहे. बाहेरच्या मोटारीवर साधारणपणे १० टक्के शुल्क असेल, तर ती कोणत्याही सदस्य देशाच्या बंदरात उतरली तरी शुल्क तेवढेच. याची किंमत अशी की, कोणत्याही एका सदस्याला तिसऱ्या देशाशी शुल्काबाबत स्वतंत्र करार करता येत नाही. 'सीमाशुल्क संघ' म्हणजे युरोपचा आहे तोच संघ की त्याच्याशी नव्याने जोडलेला दुसरा, यावर ब्रिटनमध्ये बरीच शाई खर्ची पडली, पण आपल्या मुद्द्याला तो फरक गौण आहे.

खरी ठेच पुढे लागते. जकात गेली म्हणजे नाका गेला, असे आपण गृहीत धरतो. पण नाक्यावर दोन प्रश्न विचारले जातात. 'शुल्क भरले का?' हा पहिला, आणि 'हा माल आमच्या नियमांत बसतो का?' हा दुसरा. सीमाशुल्क संघ केवळ पहिला प्रश्न मिटवतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. जीएसटी आला म्हणून बाहेरच्या राज्यातून येणारा गुटख्याचा ट्रक सोडून देता येत नाही, कारण तेथे अडचण कराची नसून नियमाची आहे.

याहून जवळचे उदाहरण हापूसचे आहे. काही खेपांमध्ये फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली, आणि त्याच यादीत कारली, पडवळ, वांगी आणि अळूही होते. लंडन आणि लेस्टरमधील मराठी-गुजराती घरांचा तो उन्हाळा हापूसविना गेला. ब्रिटनमध्ये या आंब्याला मोठी मागणी असूनही ब्रिटनला एकट्याने तो आत घेता येईना, कारण वनस्पतींच्या आरोग्याचे नियम संपूर्ण युरोपीय संघासाठी एकच होते. पुढे २०१५ च्या प्रारंभी आंब्यावरील बंदी उठली. या सगळ्या प्रकरणात शुल्काचा संबंध कोठेही नव्हता.

एकल बाजारपेठ हा दुसरा प्रश्न मिटवते. वस्तू, सेवा, भांडवल आणि माणसे यांच्या मुक्त संचाराची चौकडी सर्वांना पाठ असते, परंतु तिचा गाभा नियमांत आहे. १९९३ पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत एका देशाने मान्य केलेला माल किंवा परवाना इतरत्रही चालतो, सर्वांनी पाळायचे कायदे बहुतांशी समान असतात आणि वाद झाला तर अंतिम अर्थ युरोपीय न्यायालय लावते. माणसांचा मुक्त संचार हा याच व्यवस्थेचा भाग आहे, सीमाशुल्क संघाचा नव्हे. सीमाशुल्क संघात राहिले तर स्थलांतर रोखता येणार नाही, असे वाक्य वाचले की माझा संयम सुटतो.

दोन्हींचा वेगवेगळा अनुभव घ्यायचा तर दोन सीमा पाहाव्यात. तुर्कस्तान औद्योगिक मालापुरता युरोपीय संघाबरोबर सीमाशुल्क संघात आहे, एकल बाजारपेठेत नाही. बल्गेरियाच्या सीमेवर कापिकुले येथे तुर्की ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागतात, चालकांना व्हिसा लागतो आणि वाहतुकीचे परवाने लागतात. नॉर्वेचे नेमके उलट आहे. तो एकल बाजारपेठेत आहे, सीमाशुल्क संघात नाही. तेथील माणूस स्वीडनमध्ये सहज जाऊन नोकरी करतो, पण स्विनेसुंडच्या पुलावर मालाची कागदपत्रे तपासणारे अधिकारी बसलेले असतात, कारण माल मुळात कोठे तयार झाला हे सिद्ध करावे लागते. सीमा खरोखर दिसेनाशी व्हायची असेल तर दोन्ही व्यवस्था लागतात.

आर्थिक चिंताही दोन वेगळ्या होत्या. ब्रिटनमध्ये बनलेल्या मोटारीवर, त्यात टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरच्या गाड्याही आल्या, १० टक्के शुल्क लागेल ही भीती सीमाशुल्काची होती. त्याच गाडीला ब्रिटिश यंत्रणेने दिलेली तांत्रिक मान्यता युरोपात चालणार नाही, ही भीती एकल बाजारपेठेची होती. लंडनमधील बँकांना तर सीमाशुल्क संघाचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण सेवेवर जकात नसते. त्यांना हवा होता तो एका परवान्यावर सर्व सदस्य देशांत व्यवसाय करण्याचा हक्क, आणि तो गेल्यामुळेच डब्लिन, फ्रँकफर्ट आणि पॅरिसमध्ये नवी कार्यालये उघडली. ब्रिटिश अर्थव्यवस्थेत सेवांचा वाटा सुमारे ८० टक्के असताना चर्चेचा सारा भर मालाच्या ट्रकांवर राहिला, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता कोंडी पाहू. सार्वमत २३ जून २०१६ रोजी झाले आणि ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, पण कशातून बाहेर, हे मतपत्रिकेवर नव्हते. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी जानेवारी २०१७ मध्ये दोन्हींतून बाहेर पडण्याचे जाहीर केले. स्थलांतरावर नियंत्रण हवे म्हणून एकल बाजारपेठ नको आणि स्वतंत्र व्यापारी करार हवेत म्हणून सीमाशुल्क संघ नको, अशी त्यांची मांडणी होती. मात्र ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातील आयर्लंड यांच्यामधील सुमारे ५०० किलोमीटरची आयरिश सीमा १९९८ च्या शांतता करारानंतर खुली झाली होती, आणि ती तशीच ठेवायची तर दोन्ही हवे होते.

मे यांनी युरोपीय संघाशी केलेल्या ब्रेक्झिट करारातील बॅकस्टॉपची तरतूद, म्हणजे दुसरा तोडगा निघेपर्यंतची हमी, हा या पेचावरील उतारा होता: संपूर्ण ब्रिटन शुल्कापुरता युरोपीय संघाबरोबर, आणि उत्तर आयर्लंड त्याशिवाय मालाच्या नियमांपुरताही. एकाच तरतुदीच्या या दोन अर्ध्या भागांवर दोन वेगळे गट बिथरले. मे यांच्याच हुजूर पक्षातील कडव्या गटाला पहिला भाग स्वतंत्र करारांच्या आड येणारा सापळा वाटला, तर ज्यांच्या १० खासदारांवर सरकार तगून होते त्या डीयूपी या उत्तर आयर्लंडमधील ब्रिटननिष्ठ पक्षाला दुसऱ्या भागात उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडले जाण्याची चिन्हे दिसली. १५ जानेवारी २०१९ रोजी मे यांचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला आणि त्यानंतर आणखी दोनदा पडला. १ एप्रिलला खासदारांनी पर्यायांवर मतदान केले, तेव्हा सीमाशुल्क संघाचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा अवघ्या तीन मतांनी गेला, तर एकल बाजारपेठेतही राहण्याचा प्रस्ताव २६१ विरुद्ध २८२ असा पडला. दोन्हींना 'सामायिक बाजारपेठ' म्हणणाऱ्याला या दोन आकड्यांतील फरक समजावून सांगता येणार नाही.

मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी शेवटी रेषा आयरिश समुद्रात ओढली, म्हणजे तपासणी उर्वरित ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये आणली. उर्वरित ब्रिटन दोन्हींतून बाहेर पडले, म्हणूनच जुलै २०२५ मध्ये भारताशी स्वतंत्र व्यापार करारावर त्याला सही करता आली. उत्तर आयर्लंड मात्र मालापुरते युरोपीय नियमांत राहिले. परिणामी २०२१ पासून स्कॉटलंडच्या शेतकऱ्याला आपले बियाण्याचे बटाटे बेलफास्टला पाठवता येईनात. देश एक, शुल्क शून्य, आणि अडथळा तोच, जो सात वर्षांपूर्वी हापूसला आडवा आला होता. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात ठरलेल्या २०२३ च्या विंडसर आराखड्यानंतर ती वाट पुन्हा मोकळी झाली.