एकच भ्रूण सोडला, तरी जुळी कशी?

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात ‘गर्भाशयात एकच भ्रूण सोडलाय, म्हणजे बाळ एकच’ असं धरून चाललेल्या जोडप्याला सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की पहिली शंका लॅबवर जाते. चुकून दोन तर सोडले नाहीत ना? बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. त्या एकाच भ्रूणाचे पुढे दोन झालेले असतात. ही शक्यता उपचाराआधीच जोडप्याला नीट सांगितली गेली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. खुद्द वैद्यकशास्त्राच्या ती ध्यानात यायला मात्र बरीच वर्षं गेली.

नैसर्गिकपणे राहिलेल्या गरोदरपणात अशी, म्हणजे एकसारखी, जुळी होण्याचं प्रमाण हजार बाळंतपणांमागे साधारण चार, आणि जगभर ते जवळपास तेवढंच असतं. दोन स्त्रीबीजांपासून होणाऱ्या भिन्न जुळ्यांवर आईचं वय, घराण्यातला वारसा यांचा परिणाम होतो. एकसारखी जुळी मात्र निव्वळ योगायोगाची मानली जात.

या समजाला बेल्जियममध्ये तडा गेला. तिथल्या पूर्व फ्लँडर्स प्रांतात 1964 पासून जुळ्यांच्या जन्माची पद्धतशीर नोंद होत होती, अगदी गर्भाशयात बाळाचं पोषण करणारी वारसुद्धा (प्लॅसेंटा) तपासून. त्या नोंदींवरून कॅथरीन डेरोम आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की स्त्रीबीज तयार होण्याची औषधं घेतलेल्या स्त्रियांमध्ये एकसारख्या जुळ्यांचं प्रमाण 1.2 टक्के होतं. औषधं न घेतलेल्यांत 0.45 टक्के. या औषधांनी एकाऐवजी दोन-तीन बीजं फुटतात आणि भिन्न जुळी वाढतात, हे ठाऊक होतंच. पण एकाच फलित बीजाचे दोन भाग होण्याचं प्रमाण औषधांनी का वाढावं?

टेस्ट ट्यूब बेबीचं युग तोवर सुरू झालं होतं. 1978 मध्ये इंग्लंडमध्ये अशी पहिली मुलगी, लुईस ब्राऊन, जन्मली. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडाचा जन्म झाला. त्या काळी यश कमी मिळे, म्हणून एका वेळी तीन-चार भ्रूण सोडण्याची रीत होती. जुळी-तिळी इतकी होत, की त्यातली एकसारखी किती, हा प्रश्न मागेच पडला. दोन सोडले आणि दोन मुली झाल्या, तर हिशेब जुळलाच म्हणायचा!

चित्र स्पष्ट झालं ते एकच भ्रूण सोडायची पद्धत आल्यावर. स्वीडनने 2003 मध्ये आणि जपानमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्ये हा आग्रह धरला. मग जपानमधल्या 9 लाख 37 हजारांहून अधिक, एकच भ्रूण सोडलेल्या उपचारांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. राहिलेल्या गर्भधारणांपैकी 1.36 टक्के वेळा भ्रूण विभागला गेला होता. म्हणजे शंभरात एकाहून थोडं जास्त. घाबरून जावं इतकं हे प्रमाण नाही, पण निसर्गातल्या प्रमाणाच्या साधारण तिप्पट आहे.

याच अभ्यासात ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसापर्यंत लॅबमध्ये वाढवलेला भ्रूण सोडल्यास ही शक्यता वाढते, असंही दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्टोसिस्ट म्हणजे पाण्याने भरलेला पोकळ गोल. आतल्या एका कडेला पेशींचा छोटा पुंजका चिकटलेला असतो, त्याचंच पुढे बाळ होतं. बाहेरच्या थरातून वार तयार होते. भ्रूण भोवतीच्या कवचातून बाहेर पडताना किंवा त्याआधी लॅबमध्ये वाढताना हा पुंजका दुभंगत असावा, असा अंदाज आहे. भ्रूण गोठवून नंतर सोडणं आणि कवचाला मुद्दाम छेद देणं यांचाही संबंध जपानी आकडेवारीत दिसला. नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही.

विभागणी कधी होते, याला फार महत्त्व आहे. पहिल्या तीन दिवसांत झाली तर दोन्ही बाळांना वेगळी वार मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसात झाली तर वार एक आणि गर्भजलाच्या पिशव्या दोन. वार एकच असेल, तर त्यातल्या रक्तवाहिन्यांमधून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत राहण्याचा धोका असतो. अशा गरोदरपणांत दहा ते पंधरा टक्के वेळा तो प्रत्यक्षात येतो. म्हणून वार एक की दोन, हे पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफीत पाहून फाइलवर लिहून घ्यायचं. नंतर ते ओळखणं अवघड होतं. वार एकच असेल, तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करावी लागते.