ट्रॅनेक्झामिक की मेफेनामिक? पाळीतल्या दोन गोळ्यांचा घोळ

अंगावरून फार जातं म्हणून आणलेली गोळी ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडची, ओटीपोटात कळा येतात म्हणून आणलेली मेफेनामिक अ‍ॅसिडची. नावं जुळी, घ्यायचे दिवस तेच. त्यात दोन्ही एकत्र असलेली गोळीही मिळते. तिच्या नावापुढे बहुधा 'एमएफ' असतं. मग घोळ होणारच.

ट्रॅनेक्झामिक वेदनाशामक नाहीच. रक्त गोठताना फायब्रिनच्या धाग्यांची जाळी बनते आणि पुढे प्लाझमिन ती विरघळवतं. ज्यांना पाळीत फार जातं, त्यांच्या गर्भाशयात हे विरघळवणं अनेकदा जास्तच जोरात चालतं. प्लाझमिन बनतं प्लाझमिनोजेनपासून, आणि प्लाझमिनोजेन फायब्रिनवरच्या लायसिन या अमिनो आम्लाला धरून बसतं. ट्रॅनेक्झामिकची घडण लायसिनसारखी असल्याने ते प्लाझमिनोजेनची ही पकड आधीच अडवतं. झालेली गुठळी टिकते. नवी गुठळी हे औषध करत नाही. त्यामुळे 'रक्त घट्ट करणारी गोळी' हे वर्णन मला पटत नाही.

जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये हे औषध जगापुढे आणलं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर ते चालेल अशी उताकोंना आशा होती. २०,०६० स्त्रियांवरच्या 'वुमन' चाचणीत ते दिसलं, विशेषतः तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले. निकाल २०१७ चा. उताको २०१६ मध्येच गेल्या.

मेफेनामिक कळा आणणारं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन कमी करतं, म्हणून कळा थांबतात. रक्तस्रावही थोडा कमी होतो, आणि गैरसमज इथूनच सुरू होतो: 'हिनेही भागतं की.' भागतं, पण ट्रॅनेक्झामिकइतकं नाही. उलट नुसत्या कळांसाठी ट्रॅनेक्झामिक घेणं फुकट.

धोकेही वेगळे. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल तर ट्रॅनेक्झामिक नको. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. (चेहऱ्यावरच्या वांगासाठीही हल्ली ट्रॅनेक्झामिकची गोळी देतात, तेव्हाही सांगा.) मेफेनामिक अल्सर असलेल्यांना किंवा वेदनाशामकांनी दमा उठणाऱ्यांना वर्ज्य. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दोन्ही विचारूनच. मेफेनामिकमुळे क्वचित 'ड्रेस' ही गंभीर अ‍ॅलर्जी होते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ मध्ये दिला होता. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ किंवा गाठी आल्या तर ती बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावं.